रद्द झालेल्या ऑपरेशनची नोंद कोण ठेवणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून माझी बहुतेक नोकरी गेली. आता निवृत्त आहे. कोविडच्या काळात थायरॉइडची जी ऑपरेशने राहून गेली, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. पुढची साथ आली तर तीच माणसे पुन्हा यादीतून गळू नयेत, एवढ्यासाठी लिहिते आहे.

20 मार्च 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगितले. ते योग्यच होते. भूलतज्ज्ञ, व्हेंटिलेटर, आयसीयूच्या खाटा, सगळेच कोविडकडे वळवावे लागले. मुंबईत नायरसारखे मोठे रुग्णालय कोविडसाठी द्यावे लागले. थायरॉइडचे ऑपरेशन तर श्वासनलिकेला अगदी लागून. भूल देताना घशातून नळी घालायची आणि विषाणूचा मुक्काम नेमका नाका-घशात. शिवाय थायरॉइडचा नेहमी दिसणारा पॅपिलरी कॅन्सर सावकाश वाढतो, काही महिने थांबले तरी बहुतेक वेळा निभावते. ॲनाप्लास्टिक या थायरॉइडच्या दुसऱ्या कॅन्सरची गोष्ट वेगळी, तो आठवड्यांत श्वास कोंडतो. पण तो क्वचितच आढळतो. त्यामुळे आमच्या लिस्टवरून पहिल्याच फेरीत थायरॉइड गेले.

थांबवण्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ‘थांबा’ म्हणण्याला एक अट होती. मधूनमधून सोनोग्राफी करायची. गाठ वाढली का, मानेत आणखी गाठी आल्या का, आवाज बसला का, हे बघत राहायचे. ती अट पाळलीच गेली नाही. ओपीडी बंद, एसटी बंद, आणि रुग्णालयात गेलो तर कोरोना घेऊन येऊ ही घराघरातली भीती. केसपेपरवर ‘नंतर बोलावू’ असे लिहिले गेले, पण बोलावण्याचे काम कोणाच्याच नावावर नव्हते. झालेल्या ऑपरेशनची नोंद रजिस्टरमध्ये असते. रद्द झालेल्याची नोंद आमच्याकडे थिएटरबाहेरच्या फळ्यावर असायची, आणि फळा रोज संध्याकाळी पुसला जायचा.

देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांची पाहणी 2021 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. मार्च ते मे 2020 या काळात, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत, नवे रुग्ण 54 टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्क्यांनी घटल्या होत्या. रोग काही घटला नव्हता. थायरॉइडचा वेगळा अभ्यास 49 देशांतल्या 157 केंद्रांनी मिळून केला, 22 हजारांहून जास्त रुग्णांचा. साथीचा जोर ओसरल्यावर ऑपरेशनला आलेल्यांत मोठ्या गाठी आणि मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेले कॅन्सर जास्त दिसले.

कॅन्सर नसलेल्यांचेही हाल झाले, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. थायरॉइड जास्त काम करते म्हणून ऑपरेशन ठरलेल्या बायका तारीख मिळेपर्यंत कार्बिमाझोलच्या गोळ्यांवर असतात. या गोळीने क्वचित कोणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम उतरतात. खूण काय, तर ताप आणि घसादुखी. एरवी आम्ही बजावून सांगतो की असे झाले तर गोळी बंद करा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. 2020 मध्ये ताप आणि घसादुखी म्हटले की स्वॅब घ्यायचा आणि घरी बसवायचे, गोळी चालूच. ऑपरेशन लांबले की हा धोकाही तेवढा लांबतो.

ज्यांचे ऑपरेशन कसेबसे झाले त्यांना संसर्ग नको म्हणून लवकर घरी सोडले. संपूर्ण थायरॉइड काढल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅल्शियम घसरू शकते. ओठांभोवती मुंग्या येतात, मग बोटे आखडतात. “सिस्टर, हात वाकडा होतोय, काय करू?” असे फोन मी रात्री घेतले आहेत. तालुक्याच्या गावात संचारबंदीत कॅल्शियमचे इंजेक्शन कुठे मिळेल, हे मला सांगता येत नव्हते. त्या आवाजांनी मला हे पत्र लिहायला लावले आहे.

महोदय, मागणी मोठ्या खर्चाची नाही. तारीख रद्द झाली की त्याच दिवशी रुग्णाचा मोबाइल नंबर, गाठीचे माप, सुईच्या तपासणीचा अहवाल, चालू औषधे आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख एका कायमच्या नोंदवहीत चढावी. त्या नोंदवहीला जबाबदार असलेल्या माणसाचे नाव वर लिहिलेले असावे. सोनोग्राफी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हावी आणि फिल्म सर्जनकडे जावी. हे काम आशाताईंच्या माथी मारू नका. साथीत त्यांनी आधीच पुष्कळ सोसले. आणि प्रत्येक विभागात निदान एक थिएटर साथीच्या रुग्णांपासून वेगळे राखून ठेवावे, तिथला कर्मचारीवर्गही वेगळा.

अडचण कुठे येईल हेही सांगते. जिल्हा रुग्णालये आपल्याकडे, मेडिकल कॉलेजे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, शहरातली मोठी रुग्णालये महापालिकांकडे. जिल्ह्यातून कॉलेजला पाठवलेली बाई दोन्हीकडच्या कागदांतून निसटते. म्हणून नोंदवही तिन्हींसाठी एकच हवी.

आपण वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांसोबत बसून हा शासन निर्णय आत्ता, साथ नसताना काढावा. साथीत असे कागद तयार करायला कोणालाही उसंत नसते. नोंदवहीचा नमुना बनवायला अनुभवी हात हवे असतील, तर माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका कितीतरी आहेत. बोलावलेत तर आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त थिएटर परिचारिका