अभिजात नाटकाच्या प्रयोगाला प्रेक्षकचर्चेची जोड हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभिजात नाटके नव्या संचात, नव्या नेपथ्यासह रंगमंचावर येत राहतात, ही नाट्यप्रेमी माणसाला सुखावणारी गोष्ट आहे. या प्रयोगांच्या बरोबरीने अलीकडे काही नाट्यसंस्था प्रेक्षकांसाठी चर्चेचे कार्यक्रमही ठेवू लागल्या आहेत. त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र अशी चर्चा हा प्रयोगाला जोडलेला एक ऐच्छिक उपचार मानला जातो, आणि त्यामुळे तिच्यातून जे मिळू शकते त्याचा अल्प अंशच हाती लागतो, असे मला सतत जाणवत आले आहे. अभिजात नाटकाच्या बाबतीत तरी प्रेक्षकचर्चा हा निर्मितीचाच एक भाग समजून तालमींच्या वेळीच तिची आखणी व्हावी आणि तिच्या केंद्रस्थानी नाटकाची संहिता असावी, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

आज बहुतेक ठिकाणी काय घडते ते प्रथम सांगतो. प्रयोग संपतो, दिवे लागतात, खुर्च्या मांडल्या जातात आणि दमलेले नट घाम पुसत पुन्हा रंगमंचावर येतात. निवेदक दिग्दर्शकाला विचारतो की हेच नाटक का निवडले. दिग्दर्शक सविस्तर उत्तर देतो, मग मुख्य नटाला भूमिकेच्या तयारीविषयी विचारले जाते, आणि ध्वनिक्षेपक प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो तेव्हा निम्मे प्रेक्षागृह रिकामे झालेले असते. उरलेल्यांपैकी दोघेतिघे अभिनंदन करतात, एखादे गृहस्थ प्रश्नाच्या निमित्ताने भाषण करतात, आणि कार्यक्रम आटोपतो. यात कोणाचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. पण या सगळ्यात नाटककाराने लिहिलेले एक वाक्यही पुन्हा उच्चारले गेलेले नसते, याची खंत वाटते.

संहिता समोर ठेवली तर चर्चा कुठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण देतो. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’त राजा क्रेऑनची आज्ञा मोडून नायिका आपल्या भावाच्या प्रेतावर माती टाकते आणि पकडली गेल्यावर ठामपणे सांगते की देवांचे अलिखित नियम राजाच्या फर्मानापेक्षा मोठे आहेत. नाटक पाहिलेल्या प्रत्येकाला हे भाषण आठवते. परंतु मृत्यूकडे नेली जात असताना तीच अँटिगनी आणखी एक गोष्ट सांगते. पती गेला असता तर दुसरा पती मिळाला असता, मूल गेले असते तर दुसरे मूल झाले असते, त्यांच्यासाठी मी हा कायदा मोडला नसता. पण आईवडीलच आता हयात नाहीत, म्हणून दुसरा भाऊ मला मिळणे नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. ज्या नियमांना तिने आधी सार्वकालिक म्हटले, ते आता फक्त भावापुरते उरतात का? की एकटी पडलेली, भेदरलेली मुलगी आपल्या कृत्याला शेवटचा आधार शोधते आहे?

या ओळी वाचून जर्मन कवी गटे इतका अस्वस्थ झाला की त्या प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कोणी घुसवलेल्या, आहेत असे एखाद्या विद्वानाने सिद्ध करावे, अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये आपला सहकारी एकरमन याच्याशी बोलताना व्यक्त केली. दुसरीकडे ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात याच ओळींचा दाखला दिला आहे, म्हणजे त्याच्या काळी त्या सोफोक्लीजच्याच समजल्या जात होत्या. हिरॉडोटसच्या इतिहासातही एका पर्शियन सरदाराची पत्नी जवळपास असाच युक्तिवाद करते. आज एखादा दिग्दर्शक हा उतारा गाळतो, एखादा ठेवतो, आणि दोन्ही निर्णयांनी अँटिगनी वेगळी होते. प्रेक्षकाला मात्र आपल्यासमोर कोणता निर्णय घेतला गेला, याचा पत्ताही नसतो. हा उतारा एका कागदावर छापून प्रेक्षकांच्या हाती दिला, एखाद्या नटीने तो मोठ्याने वाचला आणि नंतर ‘आपण पाहिलेल्या प्रयोगात हे का नव्हते’ एवढाच प्रश्न विचारला, तरी तास दीड तास कसा जाईल ते कळणार नाही. दिग्दर्शकालाही आपला निर्णय मांडण्याची यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही.

शेवट बदलण्याच्या बाबतीतही तेच. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’, ज्यात नोरा ही नायिका शेवटी पती आणि मुलांना सोडून घराबाहेर पडते, १८७९ मध्ये प्रकाशित होऊन कोपनहेगनला रंगमंचावर आले. जर्मनीतील प्रयोगासाठी नोराची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने मुलांना सोडून जाणारी आई साकारण्यास नकार दिला. दुसऱ्या कोणी आपल्या नाटकाची मोडतोड करू नये म्हणून इब्सेनने स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला, ज्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि घरातच राहते. या बदलाला त्याने स्वतः रानटी अत्याचार म्हटले, आणि तेही एका डॅनिश दैनिकाच्या संपादकांना लिहिलेल्या पत्रात. नोराचे जाणे आपण आता इतके गृहीत धरले आहे की त्यातला धक्का पुष्कळदा बोथट झालेला असतो. प्रयोगानंतर हा दुसरा शेवट वाचून दाखवला, तर मूळ शेवट लिहिणे किती अवघड होते ते प्रेक्षकाला नव्याने उमगेल.

प्रयोगाबरोबर बोलणे ही काही आजची टूम नाही. प्राचीन अथेन्समध्ये डायोनिसस या देवाच्या नाट्योत्सवापूर्वी नाटककार आपल्या नटांसह लोकांसमोर येऊन सादर होणाऱ्या नाटकांची ओळख करून देत, आणि उत्सव संपल्यावर त्याच्या व्यवस्थेचा हिशेब मागण्यासाठी नागरिकांची सभा त्या प्रेक्षागृहातच भरत असे. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना दहा प्रकारच्या प्राश्निकांची, म्हणजे परीक्षकांची, यादी येते. त्यात यज्ञविधी जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद आणि व्याकरण जाणणारे आहेत, राजा आणि राजसेवक आहेत, धनुर्धर, चित्रकार, गायक आणि गणिकाही आहे. प्रत्येकाने आपल्या अनुभवाच्या क्षेत्रापुरता अभिप्राय द्यावा, अशी ती व्यवस्था आहे. नाटक इतके व्यापक आहे की एकट्या विद्वानाला ते सगळे तपासता येणार नाही, हे त्या शास्त्रकाराने मान्य केले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

अभिजात नाटकावर सामान्य प्रेक्षकाने काय बोलावे, त्यासाठी अभ्यासक आहेत, असा आक्षेप वारंवार ऐकू येतो. त्याला या यादीतच उत्तर आहे. ‘अँटिगनी’च्या चर्चेत ग्रीक भाषेच्या जाणकाराला जितके स्थान हवे, तितकेच ज्याने वरिष्ठांचा न पटणारा आदेश अमलात आणला आहे अशा अधिकाऱ्याला आणि घरच्या माणसाचे अंत्यसंस्कार मनासारखे करता आले नाहीत अशा माणसालाही हवे. क्रेऑनचा हट्ट कुठे सुरू होतो आणि जबाबदारी कुठे संपते, हे त्यांच्यापैकी कोणी सांगू लागले की अभ्यासकही लेखणी काढून टिपून घेतो. आणि अभिजाततेपुढे केवळ हात जोडावेत असे म्हणावे, तर कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेतच ‘पुराणमित्येव न साधु सर्वम्’, म्हणजे केवळ जुने म्हणून सगळेच चांगले नसते, असे बजावून ठेवले आहे. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे नामवंत असताना या नवख्याचे नाटक कशाला, या शंकेला दिलेले ते उत्तर आहे. जुने असो वा नवे, जाणत्याने ते पारखून घ्यावे, हा त्याचा आग्रह आज त्याच्याच नाटकांनाही लागू करायला हवा.

प्रेक्षकांच्या बोलण्याने नाटककार बदलल्याचेही उदाहरण आहे. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तने १९३० मध्ये संगीतकार कुर्ट वाईलच्या संगीतासह ‘होकार देणारा’ या अर्थाच्या नावाचे एक छोटे संगीत-नाट्य विद्यार्थ्यांसाठी रचले. डोंगरातील प्रवासात आजारी पडलेला मुलगा रूढीप्रमाणे स्वतःच्या मृत्यूला संमती देतो, असे त्याचे कथानक. बर्लिनमधील एका शाळेत विद्यार्थ्यांनी त्यावर चर्चा केली आणि मुलाने होकार का द्यावा, असा आक्षेप घेतला. ब्रेख्तने तो मनावर घेतला, मूळ नाटकात फेरफार केले आणि शिवाय नकार देणाऱ्या मुलाचे दुसरे नाटक लिहिले, ज्यात तो मुलगा प्रत्येक नव्या परिस्थितीत नव्याने विचार करण्याची नवी रूढी मागतो. शक्य असेल तिथे दोन्ही नाटके एकत्रच करावीत, अशी सूचनाही त्याने केली. हे बोलणारे प्रेक्षक शाळकरी होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गतकाळचा नाटककार अर्थातच आपली संहिता बदलणार नाही; परंतु आजचा दिग्दर्शक पुढच्या प्रयोगात काही ना काही बदलू शकतो.

नाटकाने स्वतःच बोलावे, त्यावर शब्दांचा थर चढवू नये, असे मानणारे रंगकर्मी आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चांगला प्रयोग पाहून उठलेल्या माणसाला थोडा वेळ गप्प राहायचे असते. म्हणूनच चर्चा त्याच रात्री ठेवू नये, असे मला वाटते. ती दोन-तीन दिवसांनी, लहान खोलीत, तीस-चाळीस माणसांत आणि शक्यतो गोलाकार बसून व्हावी. त्या अवधीत प्रेक्षकाला संहिता पुन्हा उघडून पाहता येते आणि काय मनात राहिले व काय विरून गेले, हेही त्याचे त्याला कळते. संवादक निर्मितीशी संबंध नसलेला असावा, कारण आपल्याच प्रयोगावरचा प्रतिकूल शेरा शांतपणे पुढे नेणे कोणालाही कठीण जाते. सुरुवातीला प्रत्येकाने फक्त आपल्याला काय दिसले आणि ऐकू आले ते सांगावे, आवडले-नावडले नंतर. मग निवडलेले दोन-तीन उतारे वाचले जावेत, नाटक परभाषेतून आलेले असेल तर एकाच उताऱ्याची दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत, आणि दिग्दर्शकाने शेवटी बोलावे. तो आधी बोलला की सगळे त्याच्या हेतूभोवती फिरू लागतात आणि रंगमंचावर प्रत्यक्षात काय उतरले, हा प्रश्न बाजूला पडतो.

प्रयोगापूर्वीही अर्ध्या तासाची एक बैठक घ्यायला हरकत नाही, मात्र तिथे कथानक सांगत बसू नये. संहितेतील कोणत्या जागी वाचकांचे आजवर मतभेद झाले आहेत एवढेच सांगून प्रेक्षकाला आत सोडावे. ज्याने नाटक वाचलेले नाही त्याला तिथे कमीपणा वाटणार नाही, याची काळजी संवादकाने घ्यायची. या कशालाच मोठा खर्च लागत नाही. लागते ती दिग्दर्शकाची तयारी, की आपण काय गाळले आणि काय बदलले, हे उतारे निवडताना तो मोकळेपणाने सांगेल.

संपादक महोदय, आपल्या दैनिकात नाटकांच्या जाहिराती आणि परीक्षणे नियमित येतात. अभिजात नाटकाच्या परीक्षणात, प्रयोगासाठी कोणते भाषांतर वा रंगावृत्ती वापरली आणि संहितेत कोणते ठळक बदल केले, याची नोंद परीक्षकांनी आवर्जून करावी, अशी विनंती आहे. तसेच ज्या संस्था प्रयोगासोबत चर्चा ठेवतात त्यांच्या चर्चेची तारीख आणि वेळ प्रयोगाच्या वेळेशेजारीच छापली जावी, आणि अशा चर्चांतून पुढे आलेले प्रेक्षकांचे निवडक अभिप्राय परीक्षणानंतरच्या आठवड्यात प्रसिद्ध व्हावेत. संस्थांनी पुढाकार घेतल्यास उतारे निवडण्याच्या आणि छापील कागद तयार करण्याच्या कामात माझ्यासारखे अनेक वाचक आनंदाने सहभागी होतील.

आपला नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक