रविवारी गाडीखाली शिरण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, गाडीच्या गिअरची केबल मीच बदलणार," मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवून दिलास. आपलं दोघांचं फोनवर असंच होते, म्हणून लिहायला बसलो. गोलू शनिवारच्या गाडीनं नागपूरला येतोच आहे, त्याच्याजवळ देतो.

केबल बदलू नको असं माझं म्हणणं नाही. तू पाठवलेला फोटो मी देविदासकाकांना दाखवला. केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश तुझ्या तळहातावर पार भुगा होऊन पडलेला, आणि त्यामुळं केबलचं टोक पिनेवरून निसटलेलं. काका म्हणाले, पोरीनं बरोबर पकडलं, दांडी हलते पण गिअर पडत नाही म्हटलं की लोक घाबरून आधी गिअरबॉक्सच खोलायला देतात. त्यांच्यासमोर मला फार बरं वाटलं. हे आईला सांगितलं, तुला सांगायचं राहूनच गेलं.

पण माझा जीव अडकतो तो पुढच्या गोष्टीत. केबल सुटली म्हणजे दांडीचा आणि गिअरबॉक्सचा काही संबंध उरला नाही. तुझी गाडी ऑटोमॅटिक, दांडी 'पी'वर (पार्किंग) दिसेल आणि आत गिअरबॉक्स 'एन'मध्ये (न्यूट्रल) असेल. दांडीकडे पाहून निर्धास्त होऊ नको. आणि तुझ्या घरमालकाच्या गेटापासून रस्त्यापर्यंतचा तो उतार मी डोळ्यांनी पाहिला आहे. तिथं गाडी उचलू नको. सपाट जागा पाहा, कोपऱ्यावरच्या मंदिरापुढं आहे.

देविदासकाकांचा पोरगा यवतमाळला असल्याच गाड्यांचं काम करते. त्याला विचारून कागदावर उतरवून घेतलं. तुझ्या गाडीला इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना आहे. 'पी'चा खटका गिअरबॉक्सच्या आत असतो, तो फक्त पुढचीच चाकं अडवते. तोंडाकडून गाडी उचलली की ती चाकं हवेत, खटक्याचा उपयोग संपला. एकच चाक उचललं तरी तेच, कारण दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळं ते मोकळं फिरू शकते. मग गाडी धरून ठेवायला उरला तो मागच्या चाकांचा हँडब्रेक, आणि एकट्या हँडब्रेकवर मी विश्वास ठेवत नाही. जिनिंगमध्ये रुईची एक गाठ १७० किलोची भरते. तुझी लहानशी गाडी म्हणजे अशा सहा गाठी. मोठ्या मामांच्या पायाचं तुला काही वेगळं सांगायला नको.

म्हणून गोलूजवळ बाभळीचे चार गुटके पाठवतो, सुताराकडून तिरपे कापून घेतले आहेत. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाव. तुझे आजोबा बंडीच्या चाकाला गोटा लावल्याशिवाय बैल सोडत नसत, भर पावसातही आधी गोटा शोधत. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. गॅरेजवाल्याकडून दोन लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) भाड्यानं आण, त्यावर गाडी टेकव, हातानं जोरात हलवून पाहा, मगच खाली जा.

हे भाषणच झालं. तुला राग येईल, मला माहीत आहे. रागावू नको बाप्पा.

तू सहावीत असताना वावरातल्या मोटरचा स्टार्टर खोलून बसली होतीस, आठवते? लाइन कधी येईल त्याचा नेम नाही. मी धुऱ्यावरून ओरडत धावत आलो, तर तू शांतपणे दप्तर उघडून दाखवलंस. बोर्डावरचे तिन्ही किटकॅट फ्यूज काढून तू वह्यांच्या मधात ठेवले होतेस, म्हणजे कोणी चुकून चालू करू नये. कॉन्टॅक्टवरची काजळी पॉलिश पेपरनं घासून तूच मोटर चालू केलीस आणि संध्याकाळपर्यंत पऱ्हाटीला पाणी पोचलं. मी गावभर सांगत फिरलो होतो. इतकी सावध पोरगी, मग उताराचं काहून ऐकत नाही?

बाकीचं तुला माझ्यापेक्षा जास्त समजते, तरी त्या पोरानं सांगितलेलं लिहितो. सायलेन्सर पुरता थंड होऊ दे. जुनी केबल काढण्याआधी ती कुठून कशी गेली आहे त्याचे फोटो काढ. नवी त्याच वाटेनं ने, सायलेन्सरपासून लांब, कुठंही कडक वळण नको. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातला रबर नीट बसव, नाहीतर पावसात पाणी आत येईल. जोडताना दांडी आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर दोन्ही एकाच ठिकाणी हवेत. 'एन' की 'पी' ते कंपनीच्या पुस्तकात पाहा. मग ब्रेक दाबून तपास. 'पी' आणि 'एन'मध्येच स्टार्टर फिरला पाहिजे. 'डी' (पुढं जायचा) किंवा 'आर'मध्ये (मागं जायचा) फिरला, तर केबल चुकीची बसली, गाडी रस्त्यावर काढू नको. 'आर'ला मागचा पांढरा दिवा लागतो का ते गोलूला पाहायला सांग, पण बाजूला उभं राहून. गाडीच्या पुढं किंवा मागं त्याला उभं राहू देऊ नको. गुटके तेव्हाही लावलेलेच असू दे.

आई म्हणते, एवढं सांगता तर पोरीला गॅरेजमध्येच जायला सांगा, पैसे आपण देऊ. मी तसं म्हणणार नाही. तू म्हणालीस ना, एकदा स्वतःच्या हातानं करून पाहायचं आहे म्हणून. करच.

थैलीत तुरीची डाळ आणि आंबाडी आहे, आंबाडी आजच निवडून टाक. घोड्या मिळाल्या नाहीत तर हा रविवार जाऊ दे. पुढच्या रविवारी मी देविदासकाकांच्या घरून घेऊन येतो. वेचणीला बाया सांगितल्या आहेत, पण ते आई पाहील. मिळाल्या की नाही ते शनिवारी रात्रीच आईच्या फोनवर कळव.

तुझे,
बाबा