केदारकंठ्याला जाण्याआधी

मडगाव, २ डिसेंबर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

हिमालयातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकचं नक्की झाल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा आईने पहिला प्रश्न जेवणाचा केला. मी गप्प राहिलो. बोललो असतो तर आपलं नेहमीचं झालं असतं, म्हणून लिहितोय.

आपल्याकडे थंडी पडली म्हणजे पहाटे पंखा एकवर आणायचा आणि आजीची गोधडी ओढायची, संपलं. गोव्यातलं सर्वांत उंच टोक म्हणजे सत्तरी तालुक्यातला सोसोगड, तोही हजार मीटरच्या थोडाच वर. केदारकंठा ३,८०० मीटर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. हिशोब तूच कर. पण खरं सांगू? मला त्या थंडीपेक्षा तुझ्या घामाची काळजी आहे.

घामाशी आपली जन्माची ओळख, त्यामुळे आपण त्याला मोजत नाही. तिथे तू पहाटे तीनला कुडकुडत निघशील, असतील तेवढे कपडे चढवशील, अर्ध्या तासात आतून भिजशील. मग माथ्यावर सूर्य उगवायची वाट बघत वाऱ्यात उभी राहशील. सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो. म्हणून टी-शर्ट आणि ती लाडकी जीन्स घरीच ठेव. आत लवकर सुकणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीसचा मऊ, उबदार थर, वर वारा अडवणारं जाकीट. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. चढ लागला की घाम यायच्या आत एक थर काढायचा, थांबलीस की लगेच घालायचा. सगळे पुढे गेले तरी चालेल, त्यासाठी थांब.

कॉलेजात असताना जुलैच्या पावसात आम्ही सुर्ल्याकडे चढलो होतो. बर्फ सोडच, साधी थंडीही नव्हती. तरी ओल्या सुती सदऱ्यात वारा लागून एक मित्र थरथरायला लागला. मग त्याची जीभ अडखळू लागली, पाय लटपटू लागले, आणि तो म्हणत होता, 'कांय ना रे, बरो आसां.' आम्ही हसत होतो. त्याचा सदरा काढून कोरडा घालायचं आमच्यातल्या एकालाच सुचलं. थरथर थांबली आणि माणूस बरळू लागला तर तो बरा झालेला नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

बाकीचं पटापट. बर्फावरच्या उन्हासाठी काळा चष्मा. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेव; बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं. मोबाईल आणि पॉवर बँक झोपायच्या बॅगेत, थंडीत बॅटरी लवकर उतरते. तहान लागली नाही तरी पाणी पी. आईने जत्रेतले खटखटे लाडू आणून ठेवलेत; त्या थंडीत दात शाबूत राहणार नाहीत, सुके अंजीर ने. आणि काका म्हणतो तसा फेणीचा घोट अजिबात नको. अंग तापल्यासारखं वाटतं, पण रक्त कातडीकडे धावतं आणि आतली ऊब बाहेर जाते. काकाला सांगू नकोस.

डोकं ठणकलं, मळमळलं तर गाईडला सांग. गोळी घेऊन गुपचूप वर चढायचं नाही. त्रास वाढला तर खाली यायचं, पैसे भरलेत म्हणून पुढे जायचं नाही. मागे फिरायची वेळ गाईडकडून आदल्या रात्रीच ठरवून घे. माथा समोर दिसायला लागला की कुणालाही घड्याळ दिसत नाही.

नवे बूट अजून खोक्यातच आहेत असं आई म्हणते. शनिवारी पुण्याहून येशील तेव्हा घालूनच ये. रविवारी पहाटे पारोड्याला, चंद्रनाथाच्या डोंगरावर जाऊ. पाठीवर भरलेली सॅक घे. माझा गुडघा अर्ध्यावर रुसला तर मी पायऱ्यांवर बसेन, तू देवळापर्यंत जाऊन ये.

तुझा,
पपा