‘नॉर्थविंड’ म्हणून विकलेली स्विचग्रासची रोपे त्या वाणाची नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

कुंपणालगत एका ओळीत लावण्यासाठी मी तुमच्या रोपवाटिकेतून स्विचग्रास या शोभेच्या उंच गवताच्या ‘नॉर्थविंड’ वाणाची बारा रोपे घेतली. वाण विचारपूर्वक निवडले होते. पाच फुटांच्या आसपास वाढूनही हे गवत खांबासारखे ताठ राहते, त्याला आधार लागत नाही. 2014 साली पेरेनियल प्लँट असोसिएशन या बहुवर्षायू वनस्पतींच्या व्यावसायिकांच्या संघटनेने त्याचीच वर्षाची वनस्पती म्हणून निवड केली होती.

दुसऱ्या हंगामात तुरे आले आणि प्रकार लक्षात आला. बारापैकी एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही. कुणाचे पान रुंद आणि निळसर, शेजारच्याचे अरुंद आणि पोपटी. दोन ठोंबांच्या पानांची टोके ऐन उन्हाळ्यातच लाल झाली. पहिल्या जोराच्या पावसात निम्मी ओळ मधून फाकली आणि तुऱ्यांसकट वाटेवर लोळली.

एकाच ठोंबाचे तुकडे करून वाढवलेली रोपे अशी वेगवेगळी निघत नाहीत; म्हणजे ही बियांपासून केलेली असणार. स्विचग्रासमध्ये परपरागीकरण होते, म्हणजे एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, त्यामुळे ‘नॉर्थविंड’चे बी पेरले तरी उगवते ते ‘नॉर्थविंड’ नसते. हे रोपवाटिकेला ठाऊक नसावे, असे मला वाटत नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सावली आणि जादा खताकडे बोट दाखवले. ओळीवर दिवसभर ऊन असते आणि मी खताचा कणही घातलेला नाही. उलट दर महिन्याला नत्र द्या, असे तुमच्याच माहितीपत्रकात छापले आहे! नत्राने हे गवत लुसलुशीत वाढून आडवे पडते. शरद ऋतूतच ते जमिनीलगत कापा, हा सल्लाही चुकीचा आहे. वाळलेली ताटे हिवाळाभर उभी ठेवायची असतात. त्यांत पक्ष्यांना दाणा आणि आसरा मिळतो. छाटणी करायची ती हिवाळा सरताना, नवे कोंब फुटण्याआधी.

स्विचग्रासची मुळे पुढे तीन मीटरपर्यंत खोल जातात. जितका उशीर, तितके ठोंब उपटणे अवघड. म्हणून ठोंब विभागून केलेली अस्सल ‘नॉर्थविंड’ची बारा रोपे येत्या लागवडीच्या हंगामाआधी विनामूल्य पाठवावीत, किंवा पूर्ण रक्कम परत करावी. बियांपासून केलेल्या रोपांवरचे ‘नॉर्थविंड’चे लेबल लगेच काढावे आणि माहितीपत्रक दुरुस्त करावे. पावती, लेबल आणि प्रत्येक ठोंबाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपली ग्राहक