सूनबाईला बोल लावू देऊ नकोस

नौपाडा, ठाणे
दि. १२ ऑगस्ट

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र काल मिळाले. नातीचा ओठ आणि तोंडातली टाळू जन्मतःच फाटलेली आहे, आणि सूनबाईने ग्रहणात विळी हाती घेतल्यामुळेच हे झाले असे लोक म्हणतात, असे तू लिहितोस. सर्वांत आधी एक आग्रहाने सांगतो, सूनबाईला कोणी बोल लावत असेल तर तू त्यांना तिथेच थांबव. ग्रहणात विळी हाती घेतल्याने बाळाचा ओठ फाटत नाही. गर्भाचा वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळू बाराव्यापर्यंत सांधली जाते; पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे जेमतेम कळलेले असते, तेव्हाच हा सांधा कुठेतरी राहून जातो.

आमच्या अर्णवच्या बाबतीत उलटे घडले होते, हे तुला ठाऊकच आहे. जिथे वाट मोकळी व्हायची, तिथे ती बंदच राहिली. नाक मागे घशात उघडते त्या दोन्ही जागा हाडाने आणि पडद्याने बुजलेल्या होत्या. तान्ह्या बाळाला तोंडाने श्वास घेणे जमत नाही, त्यामुळे तो शांत झाला की निळा पडे आणि रडू लागला की पुन्हा गुलाबी होई. त्याचे रडे थांबले की आमचा जीव टांगणीला लागे. नाकातून घातलेली बारीक नळी घशापर्यंत सरकेना, तेव्हा डॉक्टरांना शंका आली आणि सीटी स्कॅनमध्ये ती खरी ठरली. या दोषाबरोबर कधीकधी हृदय, डोळे आणि कान यांतही दोष असतात, म्हणून तेही तपासले. श्वास चालावा म्हणून तोंडात नळी ठेवली आणि आठवड्याच्या आत दुर्बिणीने नाकावाटेच ती वाट उघडली. पुढे ती आकसू लागली, म्हणून आणखी दोनदा रुंद करावी लागली.

तू विचारतोस, मुलगी जरा मोठी होईपर्यंत थांबावे का? थांबू नकोस, माधव. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यात होते, पण तोवर तिचे वजन वाढायला हवे. म्हणून तिला उभे धरून वाटी-चमच्याने थोडे थोडे दूध पाजा. टाळू मात्र वर्षाच्या आसपास शिवलीच पाहिजे, फार तर दीड वर्षापर्यंत, कारण बोल फुटताना टाळू उघडी असली तर हवा नाकातून निसटते, प आणि ब उमटत नाहीत आणि एकदा जडलेली ती सवय वाचा-उपचारानेही सहजी सुटत नाही. अशा मुलांच्या कानात पाणी साठते, तेव्हा ऐकणेही तपासून घ्या. हिरडीतही फट असेल, तर सुळा येण्यापूर्वी, आठ-दहा वर्षांची असताना, तिथे हाड बसवावे लागेल.

खर्चाची काळजी करू नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचे उपचार मोफत होतात. २०१३ साली तो सुरू झाला तोही आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, पालघरला. अंगणवाडीतील ताईंकडे उद्याच नाव नोंदव.

रविवारी सकाळच्या आसनगाव लोकलने मी येतो. अर्णवची फाईलही आणतो, सूनबाईंना पाहायची असेल तर. वहिनींना नमस्कार आणि बाळाला आशीर्वाद.

तुझा,
वसंत