आता दोघंच

कॅलगरी (कॅनडा), फेब्रुवारी अखेर

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

आमचा बर्फात स्कीइंग करतानाचा फोटो पाहून दादाने ग्रुपवर लिहिलं, ‘या वयात हे काय नवं खूळ, गुडघ्यांचं काय?’ त्याला मी तिथे उत्तर दिलं नाही. अख्खं खानदान वाचतं आणि अंगठे देत बसतं. म्हणून हे पत्र. रात्रीची जेवणं आटोपली की आईला वाचून दाखव, पडण्याबिडण्याचं येईल तेवढं गाळ.

दादाला वाटतंय, साठीकडे झुकल्यावर आम्हाला हे नवं खूळ लागलं. नवं कसलं! तुला म्हणून सांगते, तुझ्या भावोजींची नि माझी ओळखच स्कीइंगच्या शिकवणीत झाली. 1988 च्या हिवाळी ऑलिंपिकमधली स्की जंपिंग जिथे झाली ती टेकडी इथे शहरातच आहे, संध्याकाळी दिवे लावून चालू असते. मी ऑफिसातल्यांबरोबर गेले होते, हा नेमका त्याच गटात. दोघंही पोरांना कुणाकडे तरी सोडून आलेलो, त्यामुळे दोघांचंही अर्धं लक्ष घड्याळात. हे तेव्हा ठाण्याला कसं कळवणार? ‘घटस्फोटित, दोन मुलांचा बाप’ एवढंच आईच्या घशाखाली उतरेना, त्यात तो बर्फावरून घसरतो हे कुठे सांगत बसू!

लग्न झालं आणि घरात एकदम तीन मुलं. त्याचे दोघे, माझी चिऊ. इथे पोरांना स्कीइंग शिकवतातच, आणि दर हिवाळ्यात तिघांचे पाय वाढलेले असतात. बूट, हेल्मेट, हातमोजे, सगळं दुसऱ्यांचं वापरलेलं आणायचं आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याला द्यायचं. पाच तिकिटं परवडत नव्हती. तीन काढायचो आणि आम्ही दोघं चहाचा थर्मास घेऊन खाली उभे.

एक नियम मात्र आम्ही ठरवून केला होता. डोंगरावर चिऊ त्याच्याकडे, त्याचे मुलगे माझ्याकडे. घरात ज्याचं मूल तो त्याच्या बाजूने बोलायचा, आणि आठवडाभर तेच ऐकून जीव विटायचा. शनिवारी तरी अदलाबदल. हा साध्या बुटांवर उलटा चालत चिऊचे दोन्ही हात धरून तिला उतारावरून आणायचा, आणि ती इतक्या मोठ्याने ओरडायची की लोक बघायचे. मोठा मुलगा तर पहिला अख्खा हिवाळा माझ्याशी बोलला नाही. पण स्कीच्या बुटांचे बक्कल थंडीत इतके घट्ट बसतात की लहान हातांना उघडत नाहीत. तो तोंड फिरवून उभा राहायचा आणि पाय पुढे करायचा. मी बर्फात गुडघे टेकून, हातमोजा दातात धरून एकेक बक्कल सोडवायची. त्या पोराशी माझं जे काही जमलं, ते बोलण्याने नाही जमलं.

चिऊ गेल्या सप्टेंबरात नोकरीसाठी हॅलिफॅक्सला गेली. मुलगे आधीच टोरांटोत. मग माझ्या लक्षात आलं की बाकीच्यांची लग्नं झाली की थोडे दिवस तरी दोघांचे असतात, आमचे कधी नव्हतेच. पहिल्या दिवसापासून आई आणि बाप. आता जेवायला दोघं बसतो आणि भाजी कुणाला नको हे विचारायलाही कुणी नाही.

नोव्हेंबरात ह्याने तळघरातून त्याच्या जुन्या स्की काढल्या, सरळसोट, लांबलचक, उभ्या केल्या तर डोक्याच्याही वर. दुकानात नेल्या तर तिथल्या मुलाने हातसुद्धा लावला नाही. बूट स्कीला अडकवतात त्या बाइंडिंग फार जुन्या झाल्या की कंपन्या त्यांची जबाबदारी घेत नाहीत, मग दुकानदार त्यांचे स्क्रू फिरवत नाहीत. बुटांचं प्लास्टिकही जुनं झालं की कडक होतं आणि तडकतं. शेवटी भाड्याने घेतल्या. हल्लीच्या स्की आखूड, हनुवटी-कपाळापर्यंत येतात, मध्ये निमुळत्या आणि टोकांना रुंद. नुसत्या कलंडवल्या तरी वळतात.

दादाच्या गुडघ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच दुकानात आहे. वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, तुम्ही सावकाश जाणारे की सुसाट, असा फॉर्म भरून घेतात आणि बाइंडिंग किती जोर आला की सुटायची ते तक्त्यावरून ठरवतात. वय 50 च्या पुढे असेल तर सरळ एक पायरी हलकी, म्हणजे पडलं की बूट लवकर सुटतो. पायाचं हाड त्याने बरंचसं वाचतं. गुडघ्यातल्या लिगामेंटची हमी मात्र कुणी देत नाही, हे दादाला सांग, उगाच खोटं कशाला. म्हणून आम्ही हिरव्या आणि निळ्या खुणांच्या वाटांवरच असतो. काळ्या चौकटच्या अवघड वाटा पंचविशीतल्यांना लखलाभ.

बान्फजवळच्या सनशाइन व्हिलेजला जातो, घरापासून दीड तासावर. आपली कळसूबाई 1646 मीटर ना? इथे गाडी लावतो ती जागाच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. तिथून गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यातून, वीसेक मिनिटं वर आणि पुढे चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्च्या. एक चेअरलिफ्ट तर आमच्या आल्बर्टा प्रांतातून निघते आणि मध्येच शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाच्या हद्दीत शिरते. ही हद्द डोंगराच्या कण्यावरून जाते; त्या कण्याच्या एका बाजूचं पाणी पॅसिफिकला जातं, दुसऱ्या बाजूचं हडसनच्या उपसागराकडे.

पहिल्यांदा त्या खुर्चीत शेजारी बसलो तर काय बोलावं कळेना. मुलांचे विषय अर्ध्या वाटेत संपले. मग हा घराच्या गॅस बिलावर आला! अजूनही उतार संपला की हा थांबतो, मागे वळतो आणि बोटाने मुंडकी मोजतो. मी एकटीच येत असते.

भांडणंही झाली. मागून ह्याचं सारखं ‘गुडघे वाकव, गुडघे वाकव’. येऊरच्या रस्त्यावर दादा तुला गाडी शिकवायचा तेव्हा तू उतरून चालत घरी आली होतीस, तसंच माझं होणार होतं. मी सरळ शिकवणी लावली. आमच्या मोठ्यापेक्षाही लहान पोरगा शिकवतो आणि अदबीने बोलतो. आता भावोजीही तीच शिकवणी लावतायत, गुपचूप.

खर्च आहे, नाही म्हणत नाही. एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर जातं. डबा मात्र घरचा, थालीपीठ आणि लोणचं. थंडीत थालीपिठाचा पार पापड होतो, पण भूकच अशी लागते की चालतं. सीझन इथे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत असतो आणि एप्रिलमध्ये ऊन छान असतं. यायचं असेल तर तेव्हा या, व्हिसाचं आत्ताच बघायला लागा.

चिऊची मैत्रीण पाडव्याच्या सुमारास नौपाड्यात येतेय. तिच्याबरोबर गोडा मसाला आणि मेतकूट पाठव, पिशव्या दुहेरी बांध, मागच्या वेळी तिच्या सगळ्या कपड्यांना वास लागला होता. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळव, मी तिकिटाचं बघते.

तुझी,
नणंद