जवारी गेली नव्हती

कुरुंदवाड
रविवार, सकाळ

प्रिय बापू,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. नंतर करतो म्हणालो हिला, आणि केला नाही. रागावला असशील तर तुझा हक्क आहे. माझा गुडघा तसाच, साखर ताब्यात, हिची पाठ मधूनमधून. तब्येतीचं झालं.

फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय. महिन्यापूर्वी तंबोरा घेऊन मिरजेला गेलो होतो. आपलाच, 1987 चा. सहा-सात महिने जवारी, तारांचा तो गुंजणारा झणकार, बसल्यासारखी वाटत होती. तारांखालचा दोरा मागंपुढं करून थकलो, तारा बदलल्या, तरी आवाज कोरडा. म्हटलं, तारा टेकतात ती घोडी झिजली असेल, वर्षं का थोडी झाली. सतारमेकर गल्लीत त्याच दुकानात गेलो. म्हातारे आता नाहीत, नातू बसतो. त्यानं मांडीवर घेऊन चारही तारा छेडल्या, कान भोपळ्याजवळ नेला, पुन्हा छेडल्या. "सर, जवारी एकदम खुली आहे. आता कानस लावली तर बिघडेल." मी म्हटलं, नीट ऐका. त्यानं शेजारच्या कारागिराला हाक मारली. तोही तेच म्हणाला. मग त्या पोरानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. बापू, त्याला माझ्याआधी कळलं.

दुसऱ्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. आलेखाची रेघ सेकंदाला दोन-अडीच हजार कंपनांपर्यंत बरी चालते आणि पुढं घाट उतरावा तशी खाली जाते. वयाचं आहे म्हणाले. बोलणं समजतं, फक्त स, श, फ निसटतात.

नववीच्या वर्गात मी तंबोरा न्यायचो ते आठवतं? काळी एक पट्टीचा खर्ज, म्हणजे खालचा सा, 69.3 कंपनं, त्याची पाचपट 346.5, हाच तो तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार, असं फळ्यावर लिहायचं आणि मग तार छेडायची. पोरं आ वासून ऐकायची. तो गंधार मला अजून येतो. खर्ज, मधल्या दोन तारांचा जोड, पंचम, सगळं येतं. तार उतरली की तेही कळतं. गेलंय ते त्याच्या वरचं, चारही तारांवर पहाटेच्या दवासारखं चमकायचं ते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. घरी येऊन माळ्यावरची तुझी ती पेटी काढली. होय, तीच इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची, जिच्यावरून आपण सहा महिने बोललो नव्हतो. "हिच्यात जीव नाही" असं मी चारचौघांत म्हणालो होतो आणि तू पानावरून उठून गेला होतास. मी डोळे मिटले, हिला म्हटलं, कधी ती लाव, कधी तंबोरा छेड. दहापैकी चार वेळा चुकलो. ही काही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली. तुझ्यापुढं तेव्हा छातीठोकपणे सांगितलेला फरक आज माझ्या कानाला सापडत नाही. हे तुलाच कळेल.

पेटीबद्दल मात्र मी आजही माघार घेत नाही. फरक आहेच.

डॉक्टरांनी यंत्र दिलंय. बोलण्यासाठी छान आहे, पण तंबोऱ्याचा सूर लांबला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि ते तो दाबायला जातं. पंचम पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. मग त्यांनी संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली. तिच्यात थरथर नाही, पण आवाज पत्र्याचा येतो. सवय होईल म्हणतात.

सकाळी दोघी शिकायला येतात. आठवीतली धाकटी आहे, तिला परवा म्हटलं, दोरा तू बसव. तिनं नखानं केसभर सरकवला, थांबली, पुन्हा सरकवला. "सर, आता बोलला." मी मान हलवली. बापू, मी काही न ऐकता मान हलवली. पस्तीस वर्षांत वर्गात जे केलं नाही ते केलं. तेव्हापासून झोप नाही. पोरींच्या गळ्यातलं काय माझ्यापर्यंत पोचत नाही, ते मला कळणार कसं? चुकीचं कौतुक होत असेल तर? शिकवणं थांबवू का? हिचं म्हणणं, पोरींना सरळ सांगा. उद्या सांगणार आहे. तुला आधी लिहिलं म्हणजे उद्या धीर येईल.

घाटावर बसलो की गवई विष्णुबुवा पलुस्करांची आठवण येते. आपल्याच गावचे. दत्तजयंतीला फटाका उडून डोळे अधू झाले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. लहानपणी किती सहज ऐकायचो ती गोष्ट.

तंबोरा आणला त्या दिवसाचं हसू मात्र अजून येतं. जयसिंगपूरच्या एस.टी.त तू कंडक्टरला शपथेवर सांगितलंस की आत आजोबा नाहीत, भोपळा आहे, आणि त्यानं तरी अर्धं तिकीट फाडलंच. भोपळ्यासाठी खिडकीची जागा मागणारा तू एकटाच! 2019 च्या पुरातही फोनवर आधी तंबोऱ्याची चौकशी, मग आमची. पोरांनी तो बोटीतून डोक्यावर धरून नेला होता.

तुझ्या सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगा की मुलगी तेही विचारलं नाही मी. नव्या घरात पाणी येतं का? तबला हलवू नकोस, दमट असेल तिथं. वहिनींना नमस्कार.

उरुसाला मिरजेला ये. गवई अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत त्या मीरासाहेब दर्ग्यात आपण चिंचेखाली बसायचो तिथंच बसू. आदल्या दिवशी घरी ये, दोरा तू बसव, आणि खरं काय ते सांग. दर्ग्यात माझ्या डाव्या बाजूला बस. तो कान जरा बरा आहे.

तुझाच,
अण्णा